गाडीतून पडलेले मूल

अडीच वर्षांच्या महादेवाला घेऊन घरातली मंडळी निफाडहून कोल्हापूरला निघाली होती. रात्रीच्या प्रवासात मूल झोपेत बैलगाडीतून खाली घरंगळले, आणि गाडी तशीच पुढे गेली. मागून विठूकाका घोड्यावरून येत होते. मुलाने त्यांना हाक मारली, म्हणून ते सापडले. पुढे न्यायमूर्ती झालेल्या महादेव गोविंद रानडे यांची ही गोष्ट. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. आमच्या गावाला त्यांच्या मोठेपणाचा अभिमान आहे. मला मात्र शिक्षक म्हणून त्यांच्या लहानपणाचे कुतूहल अधिक.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि त्यानंतरची चरित्रे यांतून दिसणारा लहान महादेव हुशार म्हणून नावाजलेला नाही. तो अबोल आहे, मंद वाटतो. हा पुढे पोट कसे भरणार याची आईला काळजी आहे. खेळायला कोणी नसले की तो खांबाला भिडू करून सोंगट्या खेळतो. एका हाताने खांबाचे दान टाकतो, दुसऱ्याने स्वतःचे, आणि खांबाकडून हरल्याचे मोकळेपणाने कबूल करतो. बर्फीचा मोठा तुकडा स्वतःला आणि लहान तुकडा गड्याच्या मुलाला, असे ठरलेले असताना तो मोठा तुकडा त्या मुलाला देतो.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मुलाला आजचे निदान चिकटवण्यात अर्थ नाही. पण आजच्या शाळेत या मुलाविषयी आपण काय लिहिले असते?

मुले पारखण्याच्या याद्यांचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो. १९०५ साली आल्फ्रेद बिने यांनी पॅरिसच्या शाळांत जादा मदतीची गरज असलेली मुले शोधण्यासाठी चाचणी तयार केली. मराठी व कन्नड मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी तिचे रूपांतर केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. ही बुद्धीची मोजणी होती. मनाच्या त्रासासाठी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातले हे पहिलेच केंद्र. पण तिथे मुलाला कोणीतरी घेऊन जावे लागे, म्हणजे त्याचा त्रास आधी कोणाच्या तरी लक्षात यावा लागे.

शाळेतच तो लक्षात यावा यासाठी इंग्लंडमध्ये मायकेल रटर यांनी १९६७ साली शिक्षकांसाठी प्रश्नावली केली. तिच्यात फक्त तक्रारी होत्या. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली २५ विधानांची नवी प्रश्नावली दिली, आणि तिच्यात मुलाचे गुणही विचारले. भावनिक त्रास, वर्तन, चंचलता, सवंगड्यांशी अडचणी आणि इतरांविषयी आस्था असे पाच गट. पहिल्या चारांची बेरीज ४० पैकी होते. पाचवा गट वेगळा धरतात. एकट्याने खेळणे चौथ्या गटात येते, वाटून घेणे पाचव्यात. म्हणजे खांब आणि बर्फी एकाच कागदावर. प्रश्नावलीला एक जोडपानही आहे: या अडचणींमुळे मुलाला स्वतःला त्रास होतो का, कधीपासून, घरात, मैत्रीत, वर्गात काय बिघडते?

हे जोडपान वाचले तेव्हा मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. द्राक्षबागायतदाराचा. गारपिटीत बाग झोपली त्या वर्षी तो बोलेनासा झाला. मी प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला: ‘अबोल. अभ्यासात लक्ष नाही.’ नववीनंतर त्याने शाळा सोडली. बऱ्याच वर्षांनी लासलगावला कांद्याच्या लिलावात भेटला. चहा पिताना म्हणाला, “सर, तुम्ही लिहिलं ते खरंच होतं. पण का, ते कुणी विचारलं नाही.” माझ्याकडे उत्तर नव्हते. माझा शेरा अचूक होता, आणि निरुपयोगी.

याचा अर्थ प्रत्येक अबोल मुलावर शिक्का मारावा, असा नाही. गोव्यात १२ ते १६ वयाच्या २०४८ मुलांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सविस्तर मुलाखतींनंतर मनोविकाराचे प्रमाण सुमारे १.८ टक्के आढळले. म्हणजे हजारात अठरा. आता समजा, एखादी चाळणी शंभर निरोगी मुलांपैकी दहांना चुकून अडवते. हजारात अशी ९८ मुले अडकतील. म्हणून चाळणीत अडकणे म्हणजे आजार नव्हे. ते पुढे विचारपूस करण्याचे निमित्त आहे. आणि विकार नसला, तरी दुःख असू शकते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या त्यांच्या तपासणीत स्वमग्नता, शिकण्यातल्या अडचणी, लक्ष न लागणे हेही आहे. १९३७ साली मुलाला केंद्राकडे जावे लागे; आता तपासणी मुलाकडे येते. हा बदल मोठा आहे. पण पथक एक दिवस येते. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत घरात काय घडले, हे रोज हजेरी घेणाऱ्यालाच दिसते. यादी कोणतीही असो, तिच्यानंतर बसून विचारणारे माणूस हवे, आणि गरज पडली तर पुढे कुठे न्यायचे हे त्याला ठाऊक हवे.

महादेवाने हाक मारली आणि मागून काका येत होते. माझ्या वर्गातल्या मुलाने हाक मारली नाही, आणि मी पुढच्या गाडीत बसलो होतो.