तिन्हीसांजेची दृष्टी आणि चमचाभर जीवनसत्त्व

१९६७ साली नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत (एम्स) डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टीच्या रसायनावरील संशोधनासाठी, अन्य दोघांसमवेत, नोबेल पारितोषिक मिळाले. हा केवळ योगायोग. पण वॉल्ड यांनी डोळ्यात जे जीवनसत्त्व शोधून काढले होते, त्याच्याच अभावामुळे त्या काळी भारतातील असंख्य लहान मुले दिवेलागणीला चाचपडू लागत आणि त्यांतली काही कायमची अंध होत.

मंद प्रकाशात दिसते कसे? डोळ्याच्या मागील बाजूच्या दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात. रंग आणि बारकावे टिपण्याचे काम शंकुपेशींचे. त्यांना भरपूर उजेड लागतो. उजेड ओसरला की भिस्त दंडपेशींवर येते. त्यांना रंगभेद कळत नाही, म्हणून अंधारात सारे करडे भासते. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. त्यामुळे अंधुक तारा रोखून पाहिला तर हरवतो आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा दिसतो. १९४२ मध्ये सेलिग हेक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला ५ ते १४ प्रकाशकणही पुरतात. याचा अर्थ, एकेक दंडपेशी एकाच प्रकाशकणालाही प्रतिसाद देते.

या संवेदनशीलतेचे मूळ एका रंगद्रव्यात आहे. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल यांना बेडकाच्या दृष्टिपटलाचा तांबूस रंग उजेडात उडून जाताना दिसला. विल्हेल्म क्यूने यांनी ते द्रव्य दृष्टिपटलातून वेगळे काढले. तेच रोडॉप्सिन. १९३३ मध्ये वॉल्ड यांना दृष्टिपटलात ‘अ’ जीवनसत्त्व आढळले आणि पुढील संशोधनातून उलगडा होत गेला : रोडॉप्सिन म्हणजे ऑप्सिन हे प्रथिन आणि त्यात वाकून बसलेला, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल हा लहानसा रेणू. प्रकाश पडताच रेटिनल सरळ होतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची सुरुवात होते. सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवून ऑप्सिनला जोडावा लागतो. या चक्रात काही अंश सतत खर्ची पडतो आणि त्याची भरपाई अन्नातूनच होते.

भरपाई थांबली की पहिला फटका मंद प्रकाशातील दृष्टीला बसतो. दिवसा अंगणात धावणारे मूल संध्याकाळी उंबरठ्याला अडखळते. हाच रातांधळेपणा. सुश्रुतसंहितेत त्यावर बोकडाचे यकृत सांगितले आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा यकृतातच असतो, हे फार पुढे कळले. या टप्प्यावर उपचार मिळाले तर काही दिवसांतच दृष्टी सुधारते. दुर्लक्ष झाले तर डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसाळ बिटॉट डाग उमटतात आणि अखेरीस बुबुळावरील पारदर्शक पडदा विरघळतो. ते अंधत्व परतवता येत नाही.

‘अ’ जीवनसत्त्व यकृतात काही महिने साठून राहते. याच गुणधर्माच्या आधारे केंद्र शासनाने १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखला : एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी २ लाख एककांची तोंडी मात्रा. या विचारामागील पायाभूत काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत झाले होते आणि तेव्हा तिच्या प्रमुखपदी डॉ. सी. गोपालन होते. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. त्यामागे एम्सच्या नेत्रविज्ञान केंद्राचे पहिले प्रमुख डॉ. ललित प्रकाश अगरवाल यांचा पुढाकार होता.

पुढे गोपालन भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे महासंचालक म्हणून दिल्लीला आले आणि १९८० मध्ये त्यांनी तेथे न्यूट्रिशन फाउंडेशन ऑफ इंडियाची स्थापना केली. याच काळात ते मोठ्या मात्रेच्या कायमस्वरूपी वापराचे कठोर टीकाकार बनले. ही मात्रा तात्पुरता उपाय होती, खरा उपाय आहारात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९८६ मध्ये इंडोनेशियातील अभ्यासाने या मात्रेमुळे बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात असे दाखवले आणि जगभर तिचा आग्रह वाढला. मात्र उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख मुलांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्युदरातील घट नगण्य आढळली. वाद मिटला नाही. कार्यक्रमही थांबला नाही. २००६ पासून तो सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटासाठी राबवला जातो.

दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट साधी आहे. गाजर, शेवग्याची पाने, दिल्लीच्या बाजारात बथुआ या नावाने मिळणारा चाकवत यांत ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य विपुल असते आणि फोडणीच्या थोड्याशा तेलाने ते अंगी लागते. सहा महिन्यांतून एकदा मिळणारा चमचा मुलाला वेळ मिळवून देतो. त्या वेळात त्याच्या ताटात भाजी पोहोचते की नाही, हा प्रश्न १९७० मध्ये होता आणि आजही आहे. ती पोहोचली नाही तर ते प्रथम लक्षात येते तिन्हीसांजेला, मूल अडखळताना पाहणाऱ्या आईच्या.