दाखल्यावर टक्के नसतात

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर टक्के नसतात. जन्मतारीख अंकी असते आणि अक्षरीही असते. प्रगतीच्या रकान्यात ‘बरी’ किंवा ‘समाधानकारक’, वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘चांगली’. शाळा सोडण्याचे कारण : ‘पुढील शिक्षणासाठी’. टक्के असतात ते दुसऱ्या कागदावर, गुणपत्रिकेवर. बीड जिल्ह्यात निकालानंतर कॉलेजच्या ऑफिससमोर रांग लागते तेव्हा मुलांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत हे दोन्ही कागद असतात. सोबत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि चार झेरॉक्स. मार्क काठावरचे असले की गुणपत्रिका सगळ्यात खाली जाते.

कमी मार्कांच्या आणि रिकाम्या खिशाच्या मुलाला जवळपास कुठेतरी कॉलेज मिळते, ही सोय या जिल्ह्यात पाऊणशे वर्षांचीही नाही.

निजामाच्या राज्यात बीडच्या मुलाला मॅट्रिकनंतर मराठवाड्यात एकच वाट होती, औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज. ते १९२३ सालचे. पुढे बी.ए. करायचे तर हैदराबाद गाठायचे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचे. घरी मराठी आणि वर्गात उर्दू, त्यात खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे. अशा वाटेवर हुशार मुलगाही दमायचा, मग सामान्य मार्कांचा मुलगा घरूनच निघत नसे. अंबाजोगाईला, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादला, योगेश्वरी नूतन विद्यालय होते. तिसाच्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. शाळा नामांकित, पण शाळेनंतर पुढे काय, याचे उत्तर गावात नव्हते.

१९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानियातून आणि औरंगाबादच्या कॉलेजातून विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले. त्यांना जवळ केले ते नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला आणि त्या मुलांची वर्षे वाचली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. एका विद्यापीठाने नाव कापायचे आणि दुसऱ्याने ते पटावर घ्यायचे, असा प्रसंग मराठवाड्याच्या मुलांनी स्वातंत्र्याआधीच अनुभवला होता.

खरी वाट मोकळी झाली ती निजामाचे राज्य संपवणाऱ्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर. जून १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराचे नाव नागसेनवन. म. भि. चिटणीस प्राचार्य होते. बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतून महारवाड्यातली पोरे पत्र्याची ट्रंक घेऊन इथे उतरू लागली. त्यांच्या घरांत मॅट्रिक झालेली ती पहिलीच माणसे असत. वसतिगृह होते, म्हणून ती टिकली.

या कॉलेजाच्या संस्थापकाची स्वतःची गुणपत्रिका इथे आठवावीच लागते. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक होताना आंबेडकरांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर बडोद्याच्या सयाजीरावांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पार पडले. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात होते. त्या २८२ गुणांवरून कोणी त्यांचा दरवाजा बंद केला असता तर काय झाले असते, हा विचार आजही अंगावर येतो.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि मराठवाड्याचा विद्यार्थी हैदराबादपासून सुटला. १९६० साली मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळाने बीड शहरात बलभीम महाविद्यालय काढले. अंबाजोगाई, परळी, गेवराई, माजलगाव अशी तालुक्यांची गावेही मागे राहिली नाहीत. बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला, हे लक्षात घेतले की जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कॉलेज असण्याचे मोल कळते. एसटीचा पास काढायचा, सकाळच्या गाडीने जायचे आणि दुपारी परत येऊन शेळ्या सोडायच्या. खोलीचे भाडे वाचले की निम्मे शिक्षण परवडले.

उरलेले निम्मे परवडले ते ईबीसीमुळे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीमाफी आली. वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची फी सरकार भरू लागले. कोरडवाहू बीडमध्ये या मर्यादेत बसणारी घरे गावोगाव होती. ‘ईबीसीवर शिकलो’ हे वाक्य त्या पिढीचे निवृत्त शिक्षक आजही सरळ मानेने उच्चारतात.

मार्क कमी का पडत, याचे बीडमधले उत्तर मात्र वर्गात सापडत नाही. ते उसाच्या फडात सापडते. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि दहावीचा पेपर येतो फेब्रुवारी-मार्चमध्येच. पोरगा सोबत गेला तर शाळेचे अर्धे वर्ष बुडाले. मागे राहिला तर म्हाताऱ्या आजीजवळ, स्वतःची भाकरी स्वतः थापून, धाकट्या भावंडाला सांभाळून अभ्यास. या परिस्थितीतून आलेले ४२ टक्के आणि शहरातल्या शिकवणीतून आलेले ४२ टक्के यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या आर्ट्सच्या प्रवेशाने तो अन्याय थोडा तरी भरून काढला. सायन्सला टक्के लागत, आर्ट्सला पास असणे पुरे.

जो पासही होत नसे, त्याच्यासाठी ऑक्टोबरची वारी होती. मार्चमध्ये गणित-इंग्रजी राहिले की ऑक्टोबरात पुन्हा बसायचे. तोवर कॉलेजचे प्रवेश होऊन गेलेले, म्हणजे वर्ष वायाच. अनेक पोरांनी त्या रिकाम्या वर्षात पहिल्यांदा कोयता हातात घेतला आणि तो परत ठेवलाच नाही. २०१५ पासून राज्य मंडळाने फेरपरीक्षा जुलैमध्ये घ्यायला सुरुवात केली आणि नापास मुलाला त्याच वर्षी अकरावीत बसता येऊ लागले. बीडसाठी हा तीन महिन्यांचा फरक फार मोठा होता. मंडळाच्या एवढ्या निर्णयांत याच्याइतका थेट फायद्याचा निर्णय क्वचितच दिसतो.

या स्वस्त वाटेला खड्डेही होते, तेही सांगायला हवेत. सगळ्यांना आर्ट्स मिळाले, पण पदवीनंतर सगळ्यांना काम मिळाले नाही. काही ठिकाणी हजेरीपटावर नावे आणि वर्गात रिकामे बाक, असेही दिसले. १९८३ नंतर वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजे निघाली, तेव्हा कमी मार्कांच्या मुलालाही धंदेशिक्षणाचा दरवाजा उघडला, पण बापाजवळ पैसा असेल तरच. कमी मार्क आणि कमी पैसा दोन्ही असलेला मुलगा तालुक्याच्या बी.ए.तच राहिला.

१ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. दहावी-बारावीत अडकलेल्यांना त्याने पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीपर्यंतची वाट करून दिली. पुस्तके हातात, वर्ग सुटीच्या दिवशी. कंडक्टर, अंगणवाडीच्या ताई, लग्न होऊन सासरी आलेल्या मुली अभ्यासकेंद्रांवर दिसू लागल्या. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची. पोर हंगामात मागे राहिले तर त्याला ताटात अन्न आणि डोक्यावर दिवा हवा, ही नागसेनवनात सत्तर वर्षांपूर्वी उमगलेली गोष्ट इथे पुन्हा सरकारी कागदावर आली.

आणि १७ नंबरचा फॉर्म अजून आहे. शाळा सुटलेल्याने बाहेरून दहावी किंवा बारावीला बसायचे तर हाच फॉर्म भरायचा. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. म्हणून फॉर्मची तारीख जवळ आली की पाटोदा, शिरूर, वडवणीकडच्या घरांत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तळाशी, रेशनकार्डाच्या आणि लग्नपत्रिकांच्या खाली, घडीवर विरलेला तो कागद सापडतो. सातवीत फडावर गेलेल्या आणि आता दोन लेकरांची आई असलेल्या बाईच्या नावासमोर मुख्याध्यापकांनी तेव्हा लिहिलेले असते : प्रगती बरी, वर्तणूक चांगली.