पांखरांचें अन्नछत्र

पांखरांना दाणे घालणें हें आपल्याकडे पुण्यकर्म म्हणून पुरातन काळापासून रूढ आहे. गृहस्थाचा भूतयज्ञ, पितृपक्षांतील काकबली, अहमदाबादच्या पोळांतील चबुतरे हीं सर्व त्याच धर्मबुद्धीचीं फळें होत. परंतु पक्षी परसांत यावे, दृष्टीस पडावे व हिवाळ्यांत वांचावे एवढ्याच हेतूनें झाडास दाण्याचें पात्र टांगण्याची जी चाल आज सर्वत्र दिसते, तिचा इतिहास बव्हंशीं युरोपांत, आणि विशेषेंकरून इंग्लंडांत घडला. त्या इतिहासांत भूतदया तर आहेच. पण देणाराचा हात घेणाराचें जीवित कसें पालटून टाकतो, हेंही त्यांत स्पष्ट दिसून येतें.

गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत इंग्रज स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांचीं पिसें मिरवत. या हौसेपायीं होणाऱ्या संहाराविरुद्ध कांहीं स्त्रियांनींच १८८९ सालीं पक्षिरक्षणाची संस्था काढली. पुढच्याच वर्षीं, १८९०-९१ चा हिवाळा अतिशय कडक गेला. जमीन गोठली, किडे व बिया बर्फाखालीं गेल्या. तेव्हां पक्ष्यांस कांहीं खावयास घाला, अशी विनंती वृत्तपत्रांनीं लोकांस केली. डब्ल्यू. एच. हडसन या पक्षिप्रेमी ग्रंथकारानें लंडनच्या पक्ष्यांवरील आपल्या १८९८ च्या ग्रंथांत त्या काळचें एक चित्र दिलें आहे. थेम्सच्या ज्या पुलांवरून पूर्वीं कुरव पक्ष्यांवर बंदुका झाडल्या जात, तेथेंच दुपारच्या सुटींत मजूर येऊन आपल्या जेवणांतले उरलेले तुकडे त्यांस घालूं लागले. एका पिढीच्या आंत झालेला हा मनाचा पालट लहान नव्हे.

या दयेस पद्धतीची जोड जर्मनींत मिळाली. थुरिंगियांतील झेबाख येथील जमीनदार बॅरन हान्स फॉन बेर्लेप्श यानें पक्ष्यांस खाऊं घालण्याचें एक शास्त्रच बनविलें. वितळविलेल्या चरबींत बिया मिसळून तें मिश्रण तो सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर ओती, व दाण्यांसाठीं छपराचे मांडव उभारी. अन्न बर्फानें झांकून गेलें कीं तें असून नसल्यासारखें. म्हणून ऐन संकटाच्या दिवशीं तें उघडें राहिलें पाहिजे, हें त्याचें मुख्य सूत्र होतें.

इकडे पक्षीही कांहीं शिकत होतेच. १९२१ सालीं साउदॅम्प्टनजवळ स्वेदलिंग येथें टिट जातीचे चिमुकले पक्षी दारांतील दुधाच्या बाटल्यांचीं झांकणें फोडून वरची साय खातांना आढळले. ही विद्या पुढें देशभर कशी पसरली, याचा वृत्तांत फिशर व हाइंड यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केला.

याहून नवलाची कथा ब्लॅककॅप नामक लहानशा गायक पक्ष्याची. मध्य युरोपांतील हे पक्षी हिवाळ्यास दक्षिणेकडे, भूमध्य समुद्राच्या बाजूस जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांतील कांहीं उलट इंग्लंडाकडे वळूं लागले. सौम्य झालेले हिवाळे आणि परसांतील दाणा, हीं त्याचीं कारणें दिसतात. बर्थोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं दाखविलें कीं, इंग्लंडांत हिवाळा काढणाऱ्या या पक्ष्यांच्या, पिंजऱ्यांत जन्मलेल्या पिलांनींही आईबापांचीच नवी दिशा धरली. म्हणजे मूठभर दाण्यांचा परिणाम रक्तापर्यंत पोंचला!

पण याच दानाची एक दुःखद बाजूही आहे. कबुतरांच्या घशांत आढळणारा ट्रायकोमोनास नांवाचा सूक्ष्म परोपजीवी २००५ च्या सुमारास इंग्लंडांतील ग्रीनफिंच या हिरवट पक्ष्यांत शिरला. रोगट पक्ष्यास घांस गिळवत नाहीं. त्यानें टाकलेला ओला दाणा दुसरा उचलतो, आणि त्यासही तोच रोग जडतो. एका पात्रावर शेंकडों पक्षी जमले कीं तें अन्नछत्रच रोगाचें घर होतें. ज्या परसांतून हे पक्षी वर्षानुवर्षें हटत नसत, तेथें ते दिसेनासे झाले. आणि २०२१ सालीं त्यांचें नांव ब्रिटनमधील अत्यंत चिंताजनक पक्ष्यांच्या यादींत चढलें.

मग दाणे घालूंच नयेत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पुलावरच्या त्या मजुराची दया खोटी नव्हती. परंतु पंगत वाढणारास जशी पात्रांच्या शुचितेची काळजी वाहावी लागते, तशीच ती येथेंही वाहिली पाहिजे. पात्र नित्य धुवावें, पाणी रोज बदलावें, दिवसांत संपेल इतकाच दाणा घालावा, एकाच जागीं गर्दी होऊं देऊं नये, आणि आजारी पक्षी दिसतांच कांहीं आठवडे तें छत्र बंद ठेवावें. आपल्याकडे उन्हाळ्यांत गच्चीवर पाण्याचें परळ ठेवणारानेंही हें ध्यानांत धरावें. परळ भरणें हें काम क्षणाचें. तें रोज घांसून भरणें हेंच खरें व्रत होय.