किल्लीच्या जुडग्यातला दिवा

मराठी माणूस टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतो आणि खऱ्या बॅटरीला ‘सेल’. भाषेच्या शुद्धतेची काळजी वाहणाऱ्यांनी ‘विजेरी’ हा सुबक शब्द घडविला, तो पुस्तकांतून रुळलाही. परंतु ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कोणत्याही बाजारात आजही ‘बॅटरीत सेल घालून द्या’ असेच ऐकू येते. वरवर पाहता ही चूक आहे. थोडा विचार केला, तर लोकभाषेने मर्मावर बोट ठेवल्याचे जाणवते. उजेड सर्वांना दिसतो, पण तो ज्याच्या बळावर पडतो ती वस्तू आत, अंधारात बसलेली असते. दहा कुमारिकांच्या दाखल्यात दिवे दहाही जणींच्या हाती होते; त्यांच्यात भेद पडला तो तेलाने. दिव्याचा इतिहास सांगू लागले की तो तेलाचाच इतिहास होतो.

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाबाहेर फेरीवाल्यांच्या पथाऱ्यांवर किल्लीला अडकवायच्या इवल्याशा बॅटऱ्या मिळतात. अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, दाबला की पांढरा प्रकाश, सोडला की काळोख. खेळणे म्हणावे अशी ही वस्तू. पण तिच्या मागे दोन शतकांहून अधिक काळाचे मानवी परिश्रम उभे आहेत आणि काही मानवी अपराधही.

इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गाल्वानी यांना मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श होताच तो आखडताना दिसला. वीज बेडकाच्या देहात आहे, असे त्यांचे मत पडले. कोमो गावचे अलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाले, वीज बेडकात नाही, दोन भिन्न धातूंच्या संयोगात आहे. दोघेही श्रद्धावान कॅथलिक, दोघेही सत्याचे शोधक. वादाचा निकाल व्होल्टा यांनी प्रयोगाने लावला. जस्त आणि चांदीच्या चकत्या एकाआड एक रचून मधे मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे घातले आणि त्या ढिगातून अखंड विद्युत्प्रवाह मिळविला. दिनांक 20 मार्च 1800 रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्राने हा शोध कळविला. ‘बॅटरी’ हा शब्द मात्र त्याहून जुना. वीज साठविणाऱ्या काचेच्या बरण्यांच्या रांगेला बेंजामिन फ्रँकलिन यांनी तोफांच्या रांगेवरून हे नाव दिले होते.

व्होल्टा यांचा ढीग प्रयोगशाळेत शोभणारा होता, संसारात नव्हे. 1866 साली फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे पाणी यांपासून नवा घट तयार केला. नवसागर आपल्या आयाबायांना परका नाही. कल्हईवाला दारी येऊन पातेले तापवी आणि त्यात नवसागराची चिमूट टाकताच पांढरा धूर उठे, तोच हा नवसागर. पण लेक्लांशे यांचा घट काचेच्या बरणीतला, पाण्याने भरलेला. तो आडवा केला की सांडणार. 1886 च्या सुमारास जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी त्या पाण्याऐवजी खळीसारखा घट्ट लगदा वापरला आणि जस्ताचीच डबी करून तो तीत भरला. हा कोरडा सेल. खिशातल्या दिव्याची वाट येथून मोकळी झाली.

या कथेत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. सेलातील काळा मसाला म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत. त्यांपैकी भंडाऱ्यातील डोंगरी बुजुर्ग या खाणीतील खनिज कोरड्या सेलांच्या कारखान्यांना पुरविले जाते. ज्या मजुराने ते खणले, त्याचे नाव कोणत्याही सेलावर छापलेले नाही.

दिनांक 10 जानेवारी 1899 रोजी डेव्हिड मिसेल यांच्या नावे अमेरिकेत नळीच्या आकाराच्या दिव्याचे एकस्व नोंदले गेले. कॉनरॅड ह्युबर्ट या रशियातून आलेल्या निर्वासिताच्या कंपनीने तो बाजारात आणला. त्या वेळचे सेल इतके दुबळे आणि बल्ब इतके खादाड की दिवा क्षणभर चमकवून विसावा द्यावा लागे. म्हणून त्याला ‘फ्लॅशलाइट’ म्हणू लागले. याच कंपनीतून पुढे ‘एव्हरेडी’ हे नाव जगभर गेले. आपल्या देशात एव्हरेडीची कंपनी 1934 साली कलकत्त्यास स्थापन झाली आणि तिचे सेल खेडोपाडी पोहोचले. मुंबईत धारावीला ‘एस्ट्रेला’ नावाचा बॅटऱ्यांचा कारखाना होता. पोर्तुगीज भाषेत एस्ट्रेला म्हणजे तारा. अंधारात वाट दाखविणाऱ्या वस्तूला याहून उचित नाव कोणते!

मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला, डोंबिवलीच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी कुटुंबांना ही बॅटरी म्हणजे रात्रीची सोबतीण झाली. बांधावर पाय ठेवण्यापूर्वी साप-विंचू पाहायचा तर ती हवीच. मध्यरात्री आजाऱ्याला अखेरचा साक्रामेंत देण्यासाठी निघालेल्या धर्मगुरूच्या पुढे गावातला कोणीतरी तीच धरून चाले. सेल महाग, म्हणून मंदावले की ते उन्हात ठेवायचे. थोडी धुगधुगी परत येई. अगदीच निकामी झाले की मुले ते फोडीत आणि आतली काळी कांडी काढून भिंतीवर रेघोट्या ओढीत. 1965 आणि 1971 च्या युद्धांत अंधारपटाच्या रात्री याच बॅटरीवर हात धरून घरातली माणसे उजेड झाकीत असत.

याच दिव्याच्या इतिहासात 2 आणि 3 डिसेंबर 1984 यांमधली रात्रही लिहावी लागते. भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढे कित्येक वर्षे कित्येक जण झिजत राहिले. तो कारखाना युनियन कार्बाइड इंडियाचा. घरोघरी उशाशी असलेले एव्हरेडीचे सेल बनविणारी कंपनीही हीच. 1994 साली अमेरिकन मालकाने या भारतीय कंपनीतील आपले 50.9 टक्के भाग विकले. ते कलकत्त्याच्या खेतान समूहाकडे आले आणि कंपनीचे नाव ‘एव्हरेडी इंडस्ट्रीज’ झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्या विक्रीच्या पैशांतून भोपाळच्या पीडितांसाठी रुग्णालय उभे राहिले. ते 2000 साली सुरू झाले. सेलांच्या धंद्याचे मोल असे औषधोपचाराकडे वळले. ही भरपाई पुरेशी होती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु खिशातल्या उजेडाचा आणि दूरच्या काळोखाचा संबंध असतो, हे ती घटना आपल्याला विसरू देत नाही.

आता आपल्या परिसराकडे वळू. डोंबिवलीशेजारच्या ठाकुर्लीस रेल्वेचे वीजगृह 1929 साली उभे राहिले. त्या विजेवर गाड्या धावल्या. ते वीजगृह पुढे बंद पडले आणि भोवतालची वस्ती मात्र लाखांवर गेली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात विजेचा तुटवडा वाढत गेला. गुहागरजवळचा दाभोळ प्रकल्प 2001 साली थांबला होता. 2005 पासून भारनियमन कडक झाले. त्याच वर्षी 26 जुलैच्या महापुराने कल्याण आणि बदलापूरच्या वस्त्या उल्हास नदीच्या पाण्याखाली घातल्या आणि त्या रात्री विजेचा प्रश्नच उरला नाही. पुढची काही वर्षे कल्याण-डोंबिवलीच्या घरांत वेळापत्रक लावलेले असे: गाड्यांचे एक, विजेचे दुसरे. बेस्ट आणि टाटांची वीज घेणारी मुंबई उजळलेली, आणि तिथे दिवसभर राबून परतणारा डोंबिवलीकर आपल्याच इमारतीचा जिना चाचपडत चढणारा. भारनियमनाचे गट विजेची हानी आणि बिलांची वसुली पाहून ठरत. म्हणजे प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या चोरीचा अंधार वाट्याला येई. 2012 च्या अखेरीस राज्याच्या बहुतांश भागात ही स्थिती निवळली.

नेमक्या याच काळात किल्लीचा दिवा आपल्या खिशात आला. त्याला कारण झाला एक निळा प्रकाश. लाल प्रकाश देणारा एलईडी 1962 सालीच अमेरिकेत निक होलोन्याक यांनी बनविला होता. निळा मात्र तीस वर्षे कोणाला नीट साधेना. जपानमध्ये आकासाकी आणि अमानो यांनी, आणि एका लहान गावातल्या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तो साध्य केला. 1993 साली तो बाजारात आला. निळ्या प्रकाशावर पिवळ्या स्फुरकाचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. या तिघांना 2014 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक लाभले.

या दिव्याची रचना पाहण्यासारखी आहे. आत बहुधा नाण्याएवढा एक लिथियमचा सेल असतो. त्यावर ‘सीआर 2032’ असे लिहिलेले असले, तर 20 म्हणजे व्यास 20 मिलिमीटर आणि 32 म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. वजन सुमारे 3 ग्रॅम, दाब 3 व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला साधारण एवढाच दाब लागतो. एलईडीचे दोन पाय सेलाच्या दोन बाजूंना. चिमटीत दाबले की पाय टेकतो आणि दिवा लागतो. सेलाचा स्वतःचाच अंतर्गत रोध प्रवाहाला आवर घालतो, त्यामुळे दुसरा कोणताही भाग लागत नाही. स्वस्त दिव्यांत याऐवजी बटणासारखे तीन छोटे सेल एकावर एक ठेवतात. तो व्होल्टा यांचाच ढीग, दोनशे वर्षांनी किल्लीला लटकलेला!

वाचकहो, ही बटणे आणि नाणी दिसायला गोजिरवाणी, पण घरात लहान मूल असेल तर ती विस्तवासारखी जपावीत. नाण्याएवढा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या त्वचेतून प्रवाह वाहू लागतो, ऋण बाजूशी तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत आतली त्वचा खोलवर भाजते. सेल जुना, दिवा न लावणारा असला तरीही धोका टळत नाही. अशा वेळी उलटी करवू नये, घरगुती उपायांत वेळ दवडू नये. मुलाला तत्काळ क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. पैसे मोजल्याचा पश्चात्ताप होत नाही, उशीर केल्याचा होतो. ज्या दिव्याचे झाकण स्क्रूने बंद नसते, तो मुलाच्या हाती देऊच नये.

दुसरी गोष्ट निकामी सेलांची. पूर्वीचे 2001 चे नियम शिशाच्या मोठ्या बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र शासनाने नवे नियम केले आणि सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. तरीही आपल्या घरातला सेल ओल्या कचऱ्यातून क्षेपणभूमीवर जातो. तेथे कचरा वेचणारी मुले असतात, जमिनीखाली पाणी असते. प्रत्येक पॅरिशने दाराशी एक बरणी ठेवली आणि साठलेले सेल ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोहोचविले, तर त्याला मोठा खर्च नाही.

आज मोबाइलमध्येच दिवा आला आहे आणि किल्लीच्या बॅटरीची गरज उरली नाही, असे तरुण म्हणतात. गरज बदलेल, वस्तू बदलेल. प्रश्न तोच राहील. हा उजेड कोणत्या खाणीतून, कोणत्या कारखान्यातून, कोणाच्या श्रमातून आला, आणि विझल्यावर तो कोणाच्या अंगणात जाऊन पडणार? दिवा हाती घेणाऱ्याने तेलाचीही विचारपूस करावी, एवढेच हा इवलासा दिवा आपल्याला सांगतो.