तळणीचे दीड इंची भिंग

२२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या, शनिवार. त्या दिवशी भर दुपारी महाराष्ट्राच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर अंधार उतरला. कोकणातील विजयदुर्ग, करमाळ्याजवळचे जेऊर, वऱ्हाडातील तळणी, वर्ध्याजवळचे पुलगाव ही सारी गावे चंद्राच्या छायेच्या वाटेवर होती. मुंबई इलाख्यात प्लेगची दहशत होती आणि पुण्यात रँडच्या वधाला जेमतेम सात महिने लोटले होते. अशा काळातही इंग्लंड-अमेरिकेचे खगोलशास्त्रज्ञ पेट्या घेऊन या आडगावांत येऊन बसले होते. खग्रास अवस्था टिकणार होती सुमारे दोन मिनिटे.

जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तळ होता. त्यांच्या कॅमेऱ्याची लांबी ४० फूट. तळणीला एका स्त्रीजवळ जो कॅमेरा होता, त्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ९ इंच आणि व्यास दीड इंच. सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला, तोवर कोणीही टिपला नव्हता इतका लांब किरण सापडला तो या दीड इंची भिंगाला. हा निव्वळ दैवयोग नव्हता. त्यामागे जवळजवळ साठ वर्षांची हकिगत आहे आणि तिचा आरंभ आकाशाशी नव्हे, तर माणसांच्या चेहऱ्यांशी जोडलेला आहे.

१८३९ साली दागेरच्या छायाचित्रणपद्धतीची वार्ता जगभर पसरली. अडचण एकच होती. त्या काळच्या भिंगांतून प्रकाश इतका थोडा येई की, चेहरा उमटवायचा तर माणसाला उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. १८४० साली व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी आकडेमोड करून नवे भिंग सिद्ध केले. त्याचे नाभीय अंतर व्यासाच्या साडेतीन पटींहून किंचित अधिक होते. फॉइग्टलँडर यांच्या कारखान्याने ते बनवले आणि बैठकीचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. मध्यभागी रेखीव, कडेला काहीसे पुसट असे हे ‘पोर्ट्रेट’ भिंग जगभरच्या छायाचित्रशाळांत पोहोचले. ते आकाशाकडे वळवावे, असे बराच काळ फारसे कोणाला सुचले नाही.

न सुचण्याला कारण होते. खगोलशास्त्रज्ञांचा विश्वास मोठ्या दुर्बिणींवर होता. १८५० साली हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचे छायाचित्र निघाले, तेव्हा हा विश्वास अधिकच दृढ झाला. पण येथे एक बारकावा आहे, आणि आजही रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घेणाऱ्या प्रत्येकाला तो उमजून घ्यावा लागतो. तारा हा बिंदू असतो. त्याचा प्रकाश किती गोळा होईल, हे मुख्यतः भिंगाच्या व्यासावर ठरते. आकाशगंगा, धूमकेतूचे पुच्छ, तेजोमेघ, सूर्याचे प्रभामंडळ या मात्र पसरट गोष्टी आहेत. त्यांची प्रतिमा किती उजळ उमटेल, हे नाभीय अंतर आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. भिंग जितके लांब नाभीय अंतराचे, तितकी प्रतिमा मोठी. पण तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरल्याने ती तितकीच फिकी. एखादी अजस्र दुर्बीण या बाबतीत छायाचित्रकाराच्या जुन्या भिंगापुढे हरू शकते.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला. १८८२ च्या सप्टेंबरात एक महाधूमकेतू इतका तेजस्वी झाला की तो दिवसाही दिसत होता. केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांच्याकडे त्याजोगा कॅमेरा नव्हता. त्यांनी जवळच्या मोब्रे गावचे छायाचित्रकार ॲलिस यांना बोलावले, त्यांचा अडीच इंच व्यासाचा कॅमेरा वेधशाळेच्या दुर्बिणीला बांधला आणि दुर्बिणीने धूमकेतूचा माग काढत तासाभराहून अधिक वेळाची छायाचित्रे घेतली. ओल्या काचपट्टीच्या जमान्यात हे शक्यच नव्हते. ती काही मिनिटांत वाळून निरुपयोगी होई. आता जिलेटिनच्या कोरड्या काचपट्ट्या आल्या होत्या.

धूमकेतू तर उमटलाच. पण गिल यांची नजर खिळली ती पार्श्वभूमीवर. काचपट्टीभर तारे विखुरले होते, कोणी मुद्दाम न टिपलेले. मग आकाशाचा नकाशा हाताने कशाला काढायचा? या एका प्रश्नातून दक्षिण आकाशाची छायाचित्रणावर आधारलेली सूची उभी राहिली. काचपट्ट्या केपला घेतल्या जात आणि त्यांची मोजणी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे याकोबुस काप्टाइन करीत. ४,५४,८७५ ताऱ्यांची ती सूची होती. धूमकेतूचे नाव आज फारसे कोणाच्या तोंडी नसते. त्याच्या मागच्या ताऱ्यांनी मात्र खगोलशास्त्राची रीतच पालटली.

दुसरा माणूस एडवर्ड एमर्सन बर्नार्ड. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे आत्यंतिक दारिद्र्यात वाढलेला हा मुलगा नऊ वर्षांचा असताना एका छायाचित्रशाळेत कामाला लागला. तिथे छायाचित्रे मोठी करण्याचे एक अवजड यंत्र होते आणि ते सतत सूर्याच्या रोखाने फिरवत ठेवणे, हे त्याचे काम. दिवसभर उभे राहून सूर्याचा पाठलाग! पुढील आयुष्याची याहून नेमकी तालीम दुसरी कोणती असणार?

१८८८ मध्ये कॅलिफोर्नियात लिक वेधशाळा सुरू झाली आणि बर्नार्ड तिथे रुजू झाला. तिथली ३६ इंची दुर्बीण त्या वेळी भिंगाच्या दुर्बिणींत जगात सर्वांत मोठी होती. तिची लांबी होती सुमारे ५७ फूट, म्हणजे व्यासाच्या १९ पट. आकाशगंगेच्या छायाचित्रासाठी बर्नार्डने निवडले विलर्ड कंपनीचे जुने पोर्ट्रेट भिंग: व्यास ६ इंच, नाभीय अंतर ३१ इंच, गुणोत्तर जेमतेम पाच. ज्या भिंगासमोर पूर्वी माणसे बसत, त्याच्यासमोर १८८९ च्या उन्हाळ्यात धनु राशीतील आकाशगंगा आली. मार्गदर्शक दुर्बिणीतील तारा तारेच्या फुलीवरून हलू न देता बर्नार्ड तीन-तीन तास बसून राही. काचपट्टी धुतल्यावर जे उमटे, ते डोळ्यांनी कोणी पाहिले नव्हते: ताऱ्यांचे ढग आणि त्या ढगांमधून गेलेल्या काळ्याभोर वाटा. १८९२ मध्ये याच भिंगाने त्याला एक धूमकेतू मिळाला, आणि छायाचित्रावर शोध लागलेला तो पहिला धूमकेतू ठरला. त्या काळ्या वाटा म्हणजे ताऱ्यांमधली रिकामी भगदाडे नसून पलीकडचा प्रकाश अडवणारे मेघ आहेत, हे मान्य करायला मात्र त्याला कित्येक वर्षे लागली. १९१९ साली त्याने अशा १८२ काळ्या ठिकाणांची यादी छापली. तिच्यातले क्रमांक आजही वापरात आहेत.

आता पुन्हा तळणी. ॲनी रसेल ही उत्तर आयर्लंडमधील स्ट्राबेनची. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात तिने गणिताचा अभ्यास केला आणि १८९१ मध्ये ग्रिनिच वेधशाळेत महिना चार पौंडांवर गणकाची नोकरी धरली. १८९५ मध्ये तिथलेच खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर माँडर यांच्याशी विवाह झाला आणि नियमानुसार नोकरी सुटली. विवाहित स्त्रीला सरकारी सेवेत जागा नव्हती. त्याआधी १८९२ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी तिचे नाव पुढे आले होते. मतदानात तेही पडले.

नोकरी नाही, सदस्यत्व नाही. उरले ते गर्टनने दिलेले संशोधनवेतन. विषय होता आकाशगंगेचे छायाचित्रण. त्यातून तिने डॅलमायर यांचे दीड इंची भिंग घेतले. मंद, पसरट प्रकाशासाठी निवडलेले. नॉर्वेत १८९६ चे ग्रहण ढगांनी गिळले होते. दोन वर्षांनी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या चमूबरोबर ती वऱ्हाडात आली, तेव्हा हे भिंग बरोबर होते. याच तळणीच्या तळावर जॉन एव्हरशेडही होते. पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेने त्यांना कीर्ती दिली.

गणित करून पाहावे. जेऊरच्या कॅमेऱ्याचे भिंग ५ इंची, नाभीय अंतर ४० फूट, गुणोत्तर ९६. सूर्यबिंबाची प्रतिमा साडेचार इंचांच्या आसपास. ॲनीच्या कॅमेऱ्याचे गुणोत्तर ६. सूर्यबिंब दोन मिलिमीटरांहून किंचित मोठे, मोहरीच्या दाण्याएवढे. पण ९६ आणि ६ यांत फरक १६ पटींचा, आणि उजळपणा वर्गाच्या हिशेबाने बदलतो. म्हणजे तेवढ्याच वेळात तळणीच्या काचपट्टीवर प्रभामंडळाची प्रतिमा सुमारे २५६ पट उजळ पडत होती. जेऊरला सूर्याच्या कडेलगतचे बारीक तपशील मिळाले, आणि ते अमोल होते. त्या कॅमेऱ्याला कमी लेखण्याचे कारण नाही. बाहेरचा अतिमंद प्रकाश टिपणे हे त्याचे कामच नव्हते.

तळणीच्या काचपट्टीवर सूर्यापासून निघालेला एक किरण दूरवर गेलेला दिसला, सुमारे एक कोटी किलोमीटर. सूर्य अवकाशात सर्वत्र सारखा पसरत नाही, त्याच्यातून अरुंद प्रवाह निघतात, या विचाराला त्यामुळे डोळ्यांना दिसेल असा आधार मिळाला. १९०४ च्या सुमारास वॉल्टर माँडर यांनी मांडले की, पृथ्वीवरील चुंबकीय वादळे सूर्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या सत्तावीस दिवसांच्या लयीत परततात. म्हणजे त्यांचे मूळ सूर्यावरच्या मर्यादित जागी असावे. तो किरण या मांडणीशी नेमका जुळत होता.

जेऊरच्याच माळावर एक पुणेकर तळही होता, हे येथे नोंदवायला हवे. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली होती. ग्रहणात त्यांनी सूर्याचे वर्णपट टिपले. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि तिची २० इंची परावर्तक दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या इतिहासात या माणसाला मिळालेली जागा फारच अपुरी आहे.

ॲनी माँडरला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व १९१६ च्या नोव्हेंबरात मिळाले. पहिल्या नकाराला तेव्हा २४ वर्षे झाली होती आणि तळणीच्या दोन मिनिटांना अठरा.