विद्युत वाहनांचे चार्जिंग : नियम कडक, पण वाहनतळात पाहणार कोण?

मुंबई, खास प्रतिनिधी

विजेवर चालणारी स्कूटर वा मोटार घेताना ती एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर धावते, हे ग्राहक आवर्जून विचारतो. ती ज्या सॉकेटला रात्रभर जोडून ठेवायची, त्याची चौकशी मात्र क्वचितच होते. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने रात्री पेट घेतला आणि धुराने गुदमरून पिता व कन्या मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी वसईत घरात चार्ज होत असलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. या दुर्घटनांनंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने बॅटरीची. ती आवश्यकच होती. परंतु भिंत आणि वाहन यांच्यामधल्या साधनसामग्रीलाही स्वतंत्र नियम आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

वाहन व बॅटरी हा विषय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतील. दुचाकी-तिचाकींसाठीचे एआयएस-१५६ हे मानक डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अधिक कडक करण्यात आले. चार्जिंगच्या उपकरणांसाठी भारतीय मानक ब्यूरोची आयएस १७०१७ ही मानकमालिका आहे. तिचा पहिला भाग २०१८ मध्ये आला आणि तो आयईसी ६१८५१ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेला आहे. प्रत्यक्ष वीजजोडणीच्या सुरक्षिततेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरवते. प्राधिकरणाने २०१९ मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी तरतुदी केल्या आणि २०२३ च्या नव्या विनियमांत त्या कायम ठेवल्या. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केल्याने केंद्र उघडण्यास परवाना लागत नाही. परवान्यातून मिळालेली ही सूट सुरक्षा नियमांतून मात्र नाही.

मानकात चार्जिंगचे चार प्रकार मानले आहेत. पहिल्यात साध्या सॉकेटला साधी वायर जोडली जाते. वाहन आणि वीजपुरवठा यांच्यात कोणताही संवाद नसतो. दुसऱ्यात वायरीच्या मध्ये नियंत्रण करणारी छोटी पेटी असते. मोटारीसोबत मिळणारी केबल बहुधा हीच. तिसरा प्रकार भिंतीवर कायम बसविलेल्या चार्जरचा, तर चौथा थेट डीसी वीज देणाऱ्या जलद चार्जरचा. दुसऱ्या प्रकारापासून पुढे चार्जर आणि वाहन एका वेगळ्या तारेवरून सतत 'बोलत' असतात. वाहन नीट जोडलेले आहे, अर्थिंग शाबूत आहे, याची खात्री पटल्याशिवाय मुख्य वीज सोडलीच जात नाही. किती अँपिअर घ्यायचे हेही चार्जरच वाहनाला सांगतो.

प्राधिकरणाच्या विनियमांनुसार प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट हवे. त्यावर अन्य दिवे-पंखे नकोत. त्याला ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक गळती सहन न करणारे, किमान 'ए' प्रकारचे संरक्षक उपकरण, म्हणजे दुकानात आरसीसीबी नावाने मिळते ते, बसवायला हवे. यातील 'ए' हे अक्षर महत्त्वाचे. घरांमध्ये सर्रास बसविले जाणारे 'एसी' प्रकारचे उपकरण केवळ एसी गळती ओळखते. वाहनाच्या चार्जरमध्ये एसीचे डीसीत रूपांतर होत असल्याने डीसी गळतीही संभवते, आणि ती झाल्यास साधे उपकरण जणू आंधळे होते. माणसाला झटका बसत असतानाही ते खाली पडेलच याची शाश्वती उरत नाही. शुद्ध डीसी गळती ६ मिलिअँपिअरपलीकडे गेल्यास 'ए' प्रकारही पुरेसा ठरत नाही. म्हणून चांगल्या चार्जरमध्ये ती ओळखण्याची सोय आतच असते. खरेदीच्या वेळी उपकरणावरील चिन्ह पाहावे. केवळ नागमोडी लहर असेल तर ते 'एसी' प्रकारचे. लहरीखाली अर्धलहरींचीही खूण असेल तर 'ए' प्रकारचे.

एक्स्टेन्शन बोर्ड आणि अ‍ॅडॉप्टर यांना विनियमांनी सरळ मनाई केली आहे. आपल्याकडे नेमका हाच नियम सर्वाधिक मोडला जातो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. यातील धोका साध्या गणिताने कळतो. ३.३ किलोवॉटचा चार्जर सुमारे १५ अँपिअर घेतो. सॉकेटची पकड सैल होऊन तेथे एक दशांश ओहम रोध निर्माण झाला तर त्या टिचभर जागेत साडेबावीस वॉट उष्णता तयार होते, म्हणजे जवळपास लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. मोटार सहा-आठ तास जोडलेली असते. शिवाय प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी पडत नाही, आणि गळती नसल्याने आरसीसीबीही नाही. प्लग गरम लागणे किंवा सॉकेटचे प्लास्टिक पिवळट पडणे हीच काय ती पूर्वसूचना.

सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे, हा आणखी एक नियम. मुंबईत ज्यांच्या तळघरातील वाहनतळात पावसाचे पाणी शिरते, त्यांना त्याचे कारण सांगायला नको. उघड्यावरील चार्जरच्या आवरणावरील 'आयपी' क्रमांकही पाहावा. त्यातला पहिला अंक धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो.

गृहनिर्माण संस्थांपुढचा प्रश्न थोडा वेगळा आहे. रहिवाशाला घरच्या विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करण्याची मुभा ऊर्जा मंत्रालयाने दिली आहे. परंतु ३.३ किलोवॉटचे दहा चार्जर एकाच वेळी चालू झाले तर ३३ किलोवॉटचा भार पडतो, आणि जुन्या इमारतींची मुख्य केबल हा हिशेब धरून टाकलेली नसते. एकेका सभासदाला तोंडी होकार देत जाण्यापेक्षा मंजूर भार आणि अर्थिंग तपासून घेऊन स्वतंत्र मीटरसाठी अर्ज करणे समितीच्या हिताचे. राज्य वीज नियामक आयोगाने विद्युत वाहन चार्जिंगसाठी वेगळा वीजदर वर्ग केलेला आहे.

सार्वजनिक केंद्रावर बसविल्या जाणाऱ्या चार्जरची एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी झालेली असणे आवश्यक आहे. केंद्र कार्यान्वित करण्यापूर्वी मालकाने, विद्युत निरीक्षकाने किंवा सनदी विद्युत सुरक्षा अभियंत्याने त्याची तपासणी करावयाची असते. अशा केंद्राकडे कागद मागणारा कोणी तरी असतो. इमारतीच्या वाहनतळात तो मागायचा झाल्यास संस्थेच्या समितीनेच चार्जरवरील मानकाचा क्रमांक, आरसीसीबीचा प्रकार आणि परवानाधारक वीजतंत्रज्ञाचा चाचणी अहवाल यांची नोंद ठेवायला हवी.