नॅपस्टर ते बिटटॉरेंट : सूचीच्या स्थानाचा इतिहास

संगणकांमधील फाइलींच्या परस्पर देवाणघेवाणीचा इतिहास हा मुख्यतः सूची कोठे ठेवावी या प्रश्नाचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅपस्टरमध्ये गाणी सदस्यांच्याच संगणकांवर राहत व थेट एकमेकांकडे जात. मात्र कोणाकडे काय आहे याची सूची कंपनीच्या सर्व्हरवर असे. खटल्यात हीच सूची घातक ठरली आणि जुलै २००१ मध्ये सेवा थांबली. ग्नुटेलाने (२०००) मध्यवर्ती सूचीच वगळली. विचारणा संगणकागणिक शेजाऱ्यांकडे पसरे, परिणामी निरोपांचीच गर्दी होई. ब्रॅम कोहेन यांच्या बिटटॉरेंटने (२००१) शोधाचा प्रश्न बाजूस ठेवून फाइलीचे तुकडे केले. घेणाराच देणाराही झाला. २००५ मध्ये मात्र मध्यवर्ती सूची नसलेल्या ग्रोक्स्टरच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रचनेपेक्षा प्रवर्तकांचा हेतू निर्णायक मानला.